गाठ नसताना मान का उघडायची?

अलिबागच्या माणसाने सुपारीबद्दल वाईट बोलू नये, असा आमच्याकडे अलिखित नियम आहे. आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा, कुठेही जा, नारळांच्या खाली पोफळी उभ्या दिसतात. श्रीवर्धनचा रोठा तर नाव घेऊन विकला जातो. आमच्यात लग्न ठरले की सुपारी फुटते, पूजेला मूर्ती नसेल तर सुपारीचाच गणपती पाटावर बसतो, आणि पाहुणा जेवून उठला की तबक पुढे येते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आले, तेव्हा आडव्या झालेल्या पोफळी मोजताना भल्याभल्यांचे डोळे भरून आलेले मी पाहिले आहेत. तेव्हा आज जे लिहिते आहे ते वाडीवाल्या नातलगांनी रागावून न घेता शेवटपर्यंत वाचावे, ही विनंती.

निमित्त घरचेच आहे. माझ्या एका भाच्याच्या जिभेच्या कडेला जखम झाली होती. जाईचा पाला चावून झाला, तुरटीच्या गुळण्या झाल्या, बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या झाल्या. दीड महिना गेला. मग तुकडा काढून तपासला आणि जे नको होते तेच निघाले. सुदैवाने अगदी सुरुवातीचे. वय अडतीस. तंबाखूला कधी हात लावला नाही, विडी-सिगारेट नाही, फक्त कॉलेजपासून गालात सुपारी. ऑपरेशनची तारीख ठरली आणि भाचेसुनेचा मला फोन आला. "आत्या, जिभेवरचं काढताहेत ते कळलं. पण मानेत गाठ नाही म्हणतात, सोनोग्राफीतही काही दिसलं नाही, मग मान का उघडायची?"

मी डॉक्टर नाही. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, एवढीच माझी लायकी. पण तिचा प्रश्न ऐकला आणि वाटले, याला उत्तर असेल तर ते इतिहासातच असणार. आधी कोणी काय केले, मग काय बदलले, का बदलले. म्हणून गेले दोन महिने वाचत बसले होते. जे हाती लागले ते इथे लिहिते. उपचाराचा सल्ला म्हणून कोणी घेऊ नये, त्यासाठी डॉक्टर आहेत.

तोंडाचे आजार आपल्याकडे फार जुने. सुश्रुताने मुखरोग मोजून पासष्ट सांगितले आहेत. ओठांचे, हिरड्यांचे, जिभेचे, टाळूचे, घशाचे, असे जागेवारी वर्गीकरण केले आहे. त्यातले काही साध्य आणि काही असाध्य, हेही तो स्पष्ट सांगतो. पण आपल्या गोष्टीची सुरुवात खरी मुंबईत, परळला होते.

सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने विलायतेत गेल्या. पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले. त्यांच्या ट्रस्टने परळला कर्करोगासाठी रुग्णालय उभारले, ते २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. युद्ध चालू होते, देश पारतंत्र्यात, आणि कर्करोग हा शब्दसुद्धा लोक हळू आवाजात उच्चारत. टाटा रुग्णालयात येणाऱ्यांमध्ये एक गोष्ट पहिल्यापासून डोळ्यांत भरत होती. युरोप-अमेरिकेत तोंडाचा कर्करोग तुलनेने कमी, इथे मात्र रोज. तिथल्या प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर. आपल्या देशातल्या विकृतिशास्त्राचे जनक म्हणतात ते हेच. त्यांनी १९४० च्या दशकातच मुंबईतल्या तोंडाच्या कर्करोगावर लेख लिहिले, आणि रोग तोंडात कुठे होतो हे माणूस काय चघळतो आणि कुठे धरून ठेवतो याच्याशी जोडून पाहिले. गालात विडा धरणाऱ्याला गालात. आज हे कोणीही सांगेल. त्या काळी जगाच्या पुस्तकांत ते नव्हते, कारण ती पुस्तके विडा न खाणाऱ्यांनी लिहिलेली होती!

उपचार दोनच, शस्त्र आणि किरण. रेडियमचा शोध १८९८ चा. त्यानंतर काही वर्षांतच रेडियमच्या सुया गाठीत टोचून ठेवण्याची पद्धत निघाली, आणि जिभेच्या लहान गाठी तिने खरोखर बऱ्या होत. आजही या पद्धतीची सुधारलेली रूपे आहेत, आणि लहान गाठीच्या बाबतीत ती शस्त्रक्रियेच्या तोडीस तोड मानली जातात. मग आपल्याकडे कल सुरीकडे का? एक तर किरणांनी जबड्याचे हाड कुजण्याचा धोका असतो. शिवाय सुपारी-तंबाखूच्या तोंडात एकाच जागी बिघाड नसतो, सगळे अस्तरच कमी-अधिक बिघडलेले असते. पुढे दुसरी गाठ झाली तर त्याच जागी पुन्हा पूर्ण मात्रेचे किरण देणे अवघड. सुरी मात्र पुन्हा चालवता येते. आणि गाठ काढून तपासली की ती किती खोल गेली होती ते मिलिमीटरमध्ये कळते. हा खोलीचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सुरीचा इतिहास मात्र वाचताना अंगावर काटा येतो. १९०६ मध्ये जॉर्ज क्राइल नावाच्या अमेरिकन सर्जनने मानेच्या १३२ शस्त्रक्रियांचा वृत्तान्त छापला. तोंडातला कर्करोग दूर जाण्याआधी बहुधा मानेतल्या लिम्फच्या गाठींत उतरतो, म्हणून मानेचा तो सगळा भाग एकसंध काढून टाकावा, असे त्याचे म्हणणे. गाठींबरोबर मानेचा मोठा स्नायू, मोठी शीर आणि खांद्याकडे जाणारी नसही जाई. माणूस वाचे, पण खांदा पडे आणि हात वर होत नसे. न्यूयॉर्कमध्ये जीभ, जबड्याचा भाग आणि मान एकाच वेळी काढण्याच्या शस्त्रक्रियेला युद्धकाळात 'कमांडो' नाव पडले. परळला असल्या अवघड शस्त्रक्रियांत डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांचे नाव झाले. मूळ गोव्याचे, १९६९ मध्ये वारले. रुग्णालयाच्या शेजारच्या रस्त्याला आज त्यांचे नाव आहे. परळला गेलेल्या प्रत्येक कुटुंबाने ती पाटी पाहिली असेल, पण हे बोर्जेस कोण हे फार थोड्यांना ठाऊक असते.

त्या पिढीतली अर्ध्या जबड्याची माणसे आमच्या लहानपणी एस.टी. स्टँडवर दिसत. तोंडावर उपरणे धरून बसलेली. त्यांना पाहूनच 'सुरी लागली की कॅन्सर पसरतो' ही समजूत घट्ट झाली असावी, असा माझा तर्क आहे. तुकडा तपासायला दिला म्हणून रोग पसरत नाही. उशिरा दिला म्हणून तो आधीच पसरलेला असतो, आणि लोक दोष सुरीला देतात.

पुढे दोन बाजूंनी सुधारणा झाली. अर्जेंटिनाच्या सुआरेझ यांनी १९६० च्या दशकात दाखवले की स्नायू, शीर, नस सांभाळूनही मानेतल्या गाठी काढता येतात. आणि छातीचा स्नायू वर वळवून तोंडातली पोकळी भरण्याची पद्धत १९७९ मध्ये आली, त्यामुळे चेहरा झाकून बसायची वेळ कमी झाली. आता तर हाताची कातडी रक्तवाहिनीसकट उचलून सूक्ष्मदर्शकाखाली जिभेला जोडतात. भाच्याला त्याची गरज पडली नाही.

आता थोडे मागे जाऊ, कारण कर्करोगाच्या आधीच्या अवस्थांची कथा वेगळी आहे आणि ती आपल्या जास्त जवळची आहे.

तोंडातला पांढरा चट्टा, जो घासून निघत नाही, त्याला डॉक्टर ल्युकोप्लाकिया म्हणतात. हे नाव १८७७ मध्ये बुडापेस्टच्या श्विमर यांनी दिले. असा चट्टा असलेला सगळ्यात प्रसिद्ध रुग्ण म्हणजे मानसशास्त्रवाले सिग्मंड फ्रॉइड. १९२३ मध्ये त्यांना टाळूवर असा चट्टा दिसला. तो काढला, तर खाली कर्करोग निघाला. पुढची सोळा वर्षे, १९३९ मध्ये जाईपर्यंत, तिशीच्या वर शस्त्रक्रिया झाल्या. नवा चट्टा आला की काढा किंवा जाळा, परत आला की परत काढा. आणि सिगार? तो त्यांनी सोडला नाही. माणसाच्या मनाचा एवढा अभ्यास करणाऱ्याला जे जमले नाही ते आपल्या गावच्या माणसाला एका व्याख्यानाने कसे जमावे, असा विचार मनात येतो खरा.

दुसरी अवस्था अस्सल आपली. तोंड हळूहळू आखडत जाते, गालाच्या आतली कातडी पांढुरकी आणि दोरखंडासारखी ताठ होते, तिखट सहन होत नाही. तीन बोटे उभी तोंडात जायला हवीत, ती दोन जातात, मग एक. १९५२ मध्ये श्वार्ट्झ यांनी पूर्व आफ्रिकेतल्या पाच भारतीय स्त्रियांमध्ये ही अवस्था नोंदवली. दुसऱ्याच वर्षी मुंबईचे कान-नाक-घसा तज्ज्ञ डॉ. एस. जी. जोशी यांनी इथले रुग्ण पाहून तिला 'सबम्युकस फायब्रोसिस' हे नाव दिले. आज जगभरच्या पुस्तकांत हेच नाव आहे.

कारण काय? पहिला संशय मिरचीवर गेला. खानोलकर आणि त्यांच्या सहकारी डॉ. सत्यवती सिरसाट यांनी १९६० च्या सुमारास उंदरांच्या टाळूला मिरचीतले तिखट द्रव्य लावून पाहिले, आणि काहीसे तसे बदल दिसलेही. त्यामुळे बरीच वर्षे डॉक्टर अशा रुग्णाला 'तिखट बंद करा' सांगत आणि सुपारीबद्दल फारसे बोलत नसत. मग माणसांची तुलना करणारे अभ्यास झाले, सुपारी खाणारे आणि न खाणारे, आणि १९९० च्या आसपास चित्र स्वच्छ झाले. दोषी सुपारीच. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने, तंबाखू नसलेली नुसती सुपारीसुद्धा माणसात कर्करोग करते, असे जाहीर केले. केरळात अशा ६६ रुग्णांवर सतरा वर्षे लक्ष ठेवले होते, त्यात साडेसात टक्क्यांच्या वर लोकांना पुढे कर्करोग झाला.

(वाडीवाल्यांनो, रागावलात ना? मीसुद्धा पोफळीखाली वाढले. पूजेतल्या सुपारीबद्दल मी काही बोललेले नाही. गालातल्या सुपारीबद्दल बोलते आहे.)

उपचारांची यादी वाचली तर लांबलचक आहे. स्टेरॉइडची इंजेक्शने, हायलुरोनिडेजची इंजेक्शने, वारेच्या अर्काची इंजेक्शने, टोमॅटोतल्या लायकोपीनच्या गोळ्या, आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक दातांत धरून तोंड उघडण्याचा व्यायाम. फारच आखडले तर आतले पट्टे कापून गालातल्या चरबीने किंवा नाकाशेजारच्या कातडीने जागा भरतात. प्रत्येकाने काही मिलिमीटर मिळतात. पण इतके उपाय आहेत याचा अर्थच असा की एकही पुरता लागू पडत नाही. झालेला ताठपणा मूळपदावर येत नाही. सुपारी थांबवली तर वाढ थांबण्याची आशा असते.

चट्ट्यांचे तसे नाही, तिथे आशेला जास्त जागा आहे. ही माहिती आपल्याला कुठून मिळाली, ते मला सगळ्यात मोलाचे वाटले. होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे अणुविज्ञानाच्या घरात, १९६० च्या दशकात दातांच्या संशोधनाचा एक विभाग होता. डॉ. फली मेहता त्याचे प्रमुख. डेन्मार्कचे प्रा. पिंडबोर्ग त्यांच्या जोडीला. त्यांच्या माणसांनी पुणे जिल्ह्यातल्या गावोगाव फिरून १,०१,७६१ जणांची तोंडे तपासली आणि १९७२ मध्ये ते प्रसिद्ध केले. एक लाखाच्या वर! त्यात मिश्री लावणाऱ्या बायका होत्या. मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईस्तोवर भाजलेला तंबाखू. आमच्या वर्गातल्या मुलींच्या आया सकाळी ती लावत, आणि तंबाखू खाता का विचारले तर खरेपणाने 'नाही' म्हणत. त्यांच्या लेखी ते दात घासणे होते.

त्याच विभागाने पुढे केरळ, आंध्र आणि गुजरातमधल्या ३६,००० तंबाखू वापरणाऱ्यांवर वर्षानुवर्षे काम केले. घरी जाऊन समजावणे, आकाशवाणी, वर्तमानपत्रे. १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आला. ज्यांनी सवय सोडली किंवा कमी केली त्यांच्यातले चट्टे जास्त प्रमाणात मावळले आणि नवे कमी आले. सुरी नाही, औषध नाही.

औषधे करून पाहिली नाहीत असे नाही. जीवनसत्त्व 'अ' च्या जातीचे एक औषध अमेरिकेत १९८६ मध्ये दिले, तर दोनतृतीयांश रुग्णांचे चट्टे कमी झाले. औषध थांबवल्यावर दोन-तीन महिन्यांत निम्म्याहून अधिकांचे परत आले, आणि औषधाचा त्रास वेगळाच. आपली हळद? तीही झाली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय प्रयोगात हळदीतले कर्क्युमिन सहा महिने दिले, तर ६७.५ टक्के लोकांचे चट्टे सुधारले. वा, म्हणाल. पण ज्यांना नुसत्या खोट्या गोळ्या दिल्या होत्या त्यांच्यातले ५५.३ टक्केही सुधारले. ओळखीच्या कोणाला हळदीने गुण आला हे ऐकताना तो दुसरा आकडा आठवावा. चट्टा कापला, लेझरने जाळला, तरी पुढे कर्करोग होणारच नाही अशी खात्री कोणी देत नाही. लाल चट्टा किंवा पेशी बिघडलेला चट्टा मात्र काढतातच, आणि बाकीच्यांवर दर काही महिन्यांनी नजर ठेवतात.

आता भाचेसुनेचा प्रश्न. मानेत गाठ हाताला लागत नाही, तेव्हा दोन मते होती. एक म्हणे, लागलीच मान साफ करा, न दिसणारे कण तिथे असू शकतात. दुसरे म्हणे, थांबा, लक्ष ठेवा, गाठ आली तर काढू, उगाच सगळ्यांच्या माना कशाला उघडायच्या. दोन्ही शहाणपणाचीच वाटतात. हा वाद पन्नास वर्षे चालला. टाटा रुग्णालयातच ७० रुग्णांवर तुलना झाली, १९८९ मध्ये छापली. ठोस फरक दिसला नाही. सत्तर माणसांत दिसणे कठीणच.

मग त्याच रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये मोठा प्रयोग सुरू केला. चिठ्ठी टाकावी तसे रुग्ण दोन गटांत वाटले. दहा वर्षे रुग्ण घेतले, एकूण ५९६. पहिल्या ५०० जणांचा हिशेब इतका स्पष्ट निघाला की २०१४ मध्ये देखरेख समितीने प्रयोग थांबवायला सांगितला. तीन वर्षांनी हयात असणारे, मान आधीच साफ केलेल्या गटात ८० टक्के, थांबून पाहणाऱ्या गटात ६७.५ टक्के. रोग उलटला तो पहिल्या गटात ८१ जणांना, दुसऱ्यात १४६ जणांना. दर आठ माना आधी उघडल्या तर एक जीव वाचतो, असा तो हिशेब. गाठीची खोली तीन मिलिमीटरपर्यंतच असेल तर फायदा तितका स्पष्ट नव्हता. भाच्याची त्याहून जास्त होती.

हे मे २०१५ च्या अखेरीस जगापुढे आले, अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या कर्करोग परिषदेत. त्याच वर्षी १६ फेब्रुवारीला आपले आर. आर. आबा तोंडाच्या कर्करोगाने गेले होते, सत्तावन्नाव्या वर्षी. शरद पवारांवर २००४ मध्ये शस्त्रक्रिया झाली, आणि सुपारी-गुटख्याच्या सवयीबद्दल ते स्वतः जाहीरपणे बोलत आले आहेत. गुटख्यावर राज्याने २००२ मध्ये बंदी घातली, ती २००४ मध्ये न्यायालयात टिकली नाही, २०१२ मध्ये पुन्हा घातली. आज पानटपरीवर काय मिळते आणि काय मिळत नाही, ते तुम्हीच पाहून या.

मी हे सगळे भाचेसुनेला फोनवर सांगितले, इतके लांब नाही. ऑपरेशन झाले. मानेच्या वरच्या तीन भागांतल्याच गाठी काढल्या, स्नायू आणि नस शाबूत, खांदा व्यवस्थित वर जातो. रिपोर्ट आला, सगळ्या गाठी स्वच्छ. घरात पेढे वाटले, आणि संध्याकाळी तिचा पुन्हा फोन. "आत्या, म्हणजे मान उगाचच उघडली का?"

प्रश्न चुकीचा नाही. त्या प्रयोगातही मान आधी साफ केलेल्यांपैकी सुमारे तीस टक्क्यांच्याच गाठींत रोग सापडला होता. उरलेल्या सत्तरांना चीर पडली ती त्या तिसांमुळे, कारण कोण कुठल्या गटात हे आधी कळत नव्हते. आता त्यावर काम चालू आहे. जिभेतल्या गाठीभोवती किंचित किरणोत्सारी द्रव्य टोचतात, ते मानेतल्या ज्या गाठीत सर्वांत आधी पोचेल तेवढीच काढून तपासतात. ती स्वच्छ निघाली तर बाकी मानेला हात लावत नाहीत. फ्रान्समध्ये २०२० साली आणि जपानमध्ये २०२१ साली असे प्रयोग प्रसिद्ध झाले, आणि मान साफ करण्याइतकाच गुण त्यात दिसला. मात्र त्याला यंत्रे लागतात, सूक्ष्म तपासणी करणारे हात लागतात, आणि रोजची रुग्णांची रांग पाहता ते सगळीकडे जमणे सोपे नाही. टाटांचे संशोधन केंद्र २००२ पासून खारघरला, म्हणजे आपल्याच रायगड जिल्ह्यात आहे. पेणवरून गेले की पनवेलच्या पुढे.

भाचा पुढच्या महिन्यात तपासणीला जाणार आहे. बोलणे थोडे बोबडे झाले आहे, 'र' नीट येत नाही. त्याच्या मुलीने, ती दुसरीत आहे, त्याला रोज संध्याकाळी बाराखडी म्हणायला लावायचे ठरवले आहे.